रिमोट डीबगरमधून कर्नलची यादी एकदा येते, एकदा येत नाही: कारणं आणि उपाय

लक्षण ठरलेलं आहे. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालू आहे, बाहेरून १२३४ पोर्टवर जीडीबी (डीबगर) जोडलंय. 'एलएक्स-पीएस' दिलं की सगळ्या प्रोसेसची यादी येते. 'कंटिन्यू' करून थोड्या वेळाने कंट्रोल-सी मारला आणि तीच कमांड पुन्हा दिली, तर 'कॅनॉट ॲक्सेस मेमरी ॲट ॲड्रेस' आणि पुढे चार एफने सुरू होणारा लांबलचक पत्ता. आणखी एकदा थांबवलं, तर यादी परत नीट. मधल्या काळात ना कर्नल बदलला, ना सेटिंग.

(कमांड, फाइली आणि व्हेरिएबलची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.)

डीबगर नक्की काय विचारतो

'एलएक्स-पीएस' कर्नलला काहीच विचारत नाही. लिनक्सच्या सोर्समध्ये ४.० आवृत्तीपासून 'स्क्रिप्ट्स/जीडीबी' हा फोल्डर आहे. त्यातला पायथॉन कोड जीडीबीच्या पोटात, तुमच्याच मशीनवर चालतो. तो 'व्हीएमलिनक्स' फाइलमधून (बिल्ड झालेला कर्नल, डीबग माहितीसकट) 'इनिट_टास्क'चा, म्हणजे प्रोसेसच्या यादीतल्या पहिल्या नोंदीचा पत्ता उचलतो, 'टास्क_स्ट्रक्ट'मध्ये (एका प्रोसेसची माहिती ठेवणारा स्ट्रक्ट) 'टास्क्स' हा फील्ड कितव्या बाइटवर बसतो ते त्याच फाइलच्या डीबग माहितीवरून काढतो, आणि यादी फिरून पहिल्या जागी येईपर्यंत पलीकडच्या स्टबकडे (जीडीबीच्या मागण्यांना उत्तर देणारा छोटा कोड) एकच मागणी करत राहतो: या पत्त्यावरचे इतके बाइट द्या. प्रोसेस कशाला म्हणतात, हे क्यूएमूच्या स्टबला ठाऊकच नसतं. सध्या निवडलेल्या सीपीयूच्या पेज टेबलमधून (व्हर्च्युअल पत्त्याची खरी, फिजिकल जागा सांगणारा तक्ता) तो पत्ता फिरवतो आणि हाती लागेल ते पाठवून देतो.

त्यामुळे बिघाडाच्या जागा चारच उरतात. पत्ताच चुकीचा असतो. किंवा पत्ता बरोबर, पण त्या सीपीयूच्या पेज टेबलमध्ये तो मॅप नसतो. किंवा बाइट येतात, पण त्यांचा अर्थ लावणारी फाइल दुसऱ्याच बिल्डची असते. किंवा सगळं ठीक असूनही कर्नल ती यादी बदलत असताना मध्येच थांबलेला असतो. चालू मशीनमध्ये कर्नलचा पत्ता आणि स्ट्रक्टची रचना बदलत नाही. म्हणून एकदा चाललेली कमांड पुढच्या वेळी फसली, तर पहिलं आणि तिसरं कारण तिथल्या तिथे बाद करा. अशा वेळी बरेच जण कर्नल पुन्हा बिल्ड करायला घेतात. त्याने काहीही साधत नाही.

आधी पॅकेट बघा

'सेट डीबग रिमोट १' चालू करा आणि फसणारी कमांड पुन्हा द्या. मेमरी वाचायच्या मागणीचं पॅकेट लहान 'एम'ने सुरू होतं, पुढे पत्ता आणि लांबी. उत्तरात 'ई१४' दिसलं, तर स्टबने मागणी ऐकली पण त्याला पत्ता उलगडता आला नाही. १४ म्हणजे लिनक्सचा 'ईफॉल्ट' हा एरर क्रमांक. क्यूएमू आणि केजीडीबी (कर्नलच्या आतलाच स्टब) दोघेही हेच उत्तर देतात. उत्तर आलंच नाही, तर गडबड जोडणीत आहे. हेक्स आकडे आले पण स्क्रीनवर कचरा दिसतोय, तर अर्थ लावण्यात घोळ आहे. इतकं कळलं की निम्मं काम झालं. मग 'सेट डीबग रिमोट ०' करून टाका, नाहीतर पुढचं काहीच वाचवणार नाही.

'ई१४' येतं, पण प्रत्येक वेळी नाही

जिथे थांबलात तिथेच 'प्रिंट $सीएस & ३' द्या. ० आलं तर सीपीयू कर्नल मोडमध्ये आहे, ३ आलं तर युझर मोडमध्ये. 'मॉनिटर इन्फो रजिस्टर्स'मध्ये 'सीपीएल' या नावाने हीच माहिती मिळते. ३ आणि 'ई१४' एकत्र दिसले, तर कारण जवळजवळ नक्की: पेज टेबल आयसोलेशन, म्हणजेच पीटीआय.

मेल्टडाउन या सीपीयूतल्या सुरक्षा-दोषावरचा हा उपाय जानेवारी २०१८ मध्ये ४.१५ सोबत मुख्य कर्नलमध्ये आला. यात प्रत्येक प्रोसेसला वरच्या पातळीची दोन पेज टेबल असतात: एक कर्नलचं, पूर्ण, दुसरं युझर मोडसाठी, ज्यात कर्नलचा जवळजवळ सगळा भाग गाळलेला. एक्स८६-६४ वर ही दोन्ही शेजारशेजारच्या ४ केबी पानांवर असतात. 'सीआर३'मधला (चालू पेज टेबलचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) १२ क्रमांकाचा बिट लागलेला असेल, तर युझरचं टेबल चालू आहे. अशा क्षणी तुम्ही मशीन थांबवली, तर क्यूएमू त्याच टेबलमधून 'इनिट_टास्क' शोधतो, आणि तिथे ते नसतंच. सिस्टिम कॉल आणि इंटरप्टच्या प्रवेशाचा मोजका कोड मात्र त्या टेबलमध्येही मॅप असतो. म्हणून काही पत्ते वाचता येतात, काही नाहीत, आणि त्यानेच माणूस जास्त गोंधळतो.

हा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. एएमडीच्या सीपीयूंवर पीटीआय आपोआप लागत नाही, आणि हार्डवेअरमध्येच दुरुस्ती झालेल्या नव्या इंटेल सीपीयूंवरही लागत नाही. केव्हीएमशिवाय (हार्डवेअरच्या मदतीने मशीन चालवण्याची लिनक्सची सोय) नुसत्या एम्युलेशनवर चालणारं 'क्यूएमू६४' हे मॉडेल स्वतःला एएमडी म्हणवतं, त्यामुळे तिथेही नाही. एकाच डिस्क इमेजवर एकाला हा एरर रोज दिसतो आणि दुसऱ्याला कधीच दिसत नाही, त्यामागे हे कारण असतं. खात्री करायची तर गेस्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या आत) 'सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज/मेल्टडाउन' ही फाइल वाचा. 'मिटिगेशन: पीटीआय' असेल तर तुम्ही या गटात आहात, 'नॉट अफेक्टेड' असेल तर दुसरं कारण शोधा.

उपाय बरेच आहेत, पण सगळे सारख्या योग्यतेचे नाहीत.

मशीन फक्त डीबगिंगसाठी असेल, तर कर्नलच्या कमांड लाइनवर 'नोपीटीआय' टाका आणि विषय संपवा. आर्म६४ वर यासाठी 'केपीटीआय=०' आहे. पीटीआयच्याच कोडमधला दोष शोधत असाल, तेवढाच अपवाद.

कमांड लाइनला हात लावता येत नसेल, तर सीपीयू बदला. क्यूएमूशी जोडलेल्या जीडीबीत 'इन्फो थ्रेड्स' म्हणजे प्रोसेसची यादी नसते. प्रत्येक थ्रेड म्हणजे एक व्हर्च्युअल सीपीयू. यादीत जो सीपीयू आयडलच्या फंक्शनमध्ये झोपलेला दिसेल, तो कर्नल मोडमध्येच असतो आणि त्याचं पेज टेबल पूर्ण असतं. समजा दुसरा सीपीयू तसा आहे: 'थ्रेड २' द्या, मग 'एलएक्स-पीएस'. वाचायच्या मागणीआधी जीडीबी स्टबला निवडलेला थ्रेड कळवतं, आणि स्टब त्याच सीपीयूचं टेबल वापरतो. रीस्टार्ट नको, रिबिल्ड नको. यासाठी गेस्टला निदान दोन सीपीयू द्यायची सवय ठेवा.

एकच सीपीयू असेल, तर 'टीएचब्रेक शेड्यूल' देऊन 'कंटिन्यू' करा. हा एकदाच लागणारा हार्डवेअर ब्रेकपॉइंट आहे. शेड्युलरमध्ये शिरताच मशीन थांबते आणि त्या वेळी कर्नलचं टेबल चालूच असतं. केव्हीएमवर साध्या ब्रेकपॉइंटसाठी कर्नलच्या कोडमध्ये बाइट लिहावा लागतो, आणि युझर टेबल चालू असताना तो लिहिताच येत नाही.

क्यूएमूच्या स्टबमध्ये फिजिकल मेमरी मोडही आहे. 'मेंटेनन्स पॅकेट'ने 'क्यूक्यूएमू.फायमेममोड:१' पाठवायचं, त्यातला पहिला क्यू मोठ्या लिपीतला, दुसरा लहान, आणि 'फायमेममोड'मधलं पी, एम, एम मोठं. हा मोड एखादं सुटं व्हेरिएबल बघायला ठीक. यादी चालायला निरुपयोगी, कारण यादीतले सगळे पॉइंटर व्हर्च्युअल असतात आणि स्क्रिप्ट त्यांना फिजिकल समजून भलतीकडे जाते. काम झालं की '१'च्या जागी '०' पाठवायला विसरू नका; तो मोड चालू राहिला तर पुढची प्रत्येक कमांड खोटं बोलते.

'सीआर३'मधला बिट जीडीबीतून हाताने उडवण्याची युक्ती काही जण सुचवतात. परत पूर्ववत करायला चुकलात, तर 'कंटिन्यू' केल्यावर युझर प्रोग्राम चुकीच्या टेबलवर चालू लागतो. वरचे उपाय असताना हे करायची गरज नाही.

'ई१४' पहिल्या कमांडपासूनच येतं

इथे पत्ता चुकलेला आहे, म्हणजे केएएसएलआर. कर्नल दर बूटला वेगळ्या जागी बसतो आणि 'व्हीएमलिनक्स'मधले पत्ते मात्र मूळचेच राहतात. सोबतची खूण अशी की 'एचब्रेक स्टार्ट_कर्नल' लावूनही बूट न थांबता पुढे निघून जातं.

'नोकेएएसएलआर' द्या. इथे एक नेहमीची चूक होते: क्यूएमूचा 'अपेंड' पर्याय 'कर्नल' पर्यायासोबतच चालतो. मशीन स्वतःच्या डिस्कवरच्या ग्रब या बूटलोडरमधून बूट होत असेल, तर बदल गेस्टच्या ग्रबमध्ये करावा लागतो. बूटनंतर 'प्रॉक/सीएमडीलाइन' वाचून शब्द खरंच पोचलाय का बघा.

रीबूट परवडत नसेल, तर गेस्टमध्ये रूट होऊन 'प्रॉक/कॉलसिम्स'मधला '_टेक्स्ट'चा पत्ता काढा. साध्या युझरला तिथे सगळी शून्यंच दिसतात. जीडीबीत 'प्रिंट &_टेक्स्ट' द्या; एक्स८६-६४ वर तो सहसा आठ एफ, मग ८१ आणि सहा शून्यं असा असतो. दोन्हींतला फरक नेहमीच्या कॉन्फिगमध्ये २ एमबीच्या पटीत यायला हवा. तसा नसेल तर फाइलच वेगळ्या बिल्डची आहे, खालचा भाग वाचा. तसा असेल तर 'सिंबॉल-फाइल -ओ' पुढे तो फरक आणि 'व्हीएमलिनक्स'चा पाथ द्या. पुढच्या बूटला हा आकडा बदललेला असेल.

बाइट येतात, पण कचरा दिसतो

दोन चाचण्या पुरतात. पहिली: 'एक्स/एस लिनक्स_बॅनर'. याने चालू कर्नलच्या मेमरीतली आवृत्तीची ओळ येते. तिच्यात बिल्डचा क्रमांक आणि वेळही असते. 'स्ट्रिंग्ज व्हीएमलिनक्स'मधून 'लिनक्स व्हर्जन'ची ओळ काढून शेजारी ठेवा. एक अक्षरही वेगळं असेल, तर फाइल त्या कर्नलची नाही.

दुसरी चाचणी रचनेची. 'इनिट_टास्क'नंतर यादीत पहिला येतो तो पीआयडी १. म्हणून '$कंटेनर_ऑफ(इनिट_टास्क.टास्क्स.नेक्स्ट, "स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट", "टास्क्स")' याचा 'पीआयडी' छापून बघा. १ आला आणि 'कॉम'मध्ये (प्रोसेसच्या नावाचा फील्ड) 'सिस्टमडी' किंवा 'इनिट' दिसलं, तर फील्डच्या जागा जुळताहेत. पीआयडी अब्जांत आला आणि 'कॉम'मध्ये नाव नसून तुटकी अक्षरं असली, तर जुळत नाहीत. शंका उरलीच तर जीडीबीत 'पीटाइप /ओ स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट' आणि गेस्टमध्ये 'पाहोल'ने 'सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स' वाचून ऑफसेट ताडून बघा. ती बीटीएफ फाइल (स्ट्रक्टची रचना सांगणारी) चालू कर्नल स्वतः देतो, तिच्यात गफलत व्हायला जागा नाही.

याच्याच शेजारचा एक दोष जास्त वेळा भेटतो: यादी येत नाही, पायथॉनचा एरर येतो, 'देअर इज नो मेंबर नेम्ड' अमुक. इथे फाइल बरोबर असते, स्क्रिप्ट दुसऱ्या आवृत्तीची असते. काही ठरलेली नावं: 'स्टेट' सापडत नाही, कारण ५.१४ मध्ये त्याच्या नावापुढे दोन अंडरस्कोर लागले. 'कोर_लेआउट' सापडत नाही, कारण ६.४ मध्ये 'स्ट्रक्ट मॉड्यूल'मध्ये त्याच्या जागी 'मेम' हा ॲरे आला. 'एलएक्स-डीमेसेज' 'लॉग_फर्स्ट_आयडीएक्स' मागतं, कारण ती स्क्रिप्ट ५.१० च्या आधीची आहे, ५.१० पासून प्रिंटकेचा, म्हणजे कर्नलच्या लॉगचा बफर नवीन धाटणीचा आहे.

स्क्रिप्ट बदलली कशी, हा प्रश्न लगेच येतो. बिल्ड फोल्डरातली 'व्हीएमलिनक्स-जीडीबी.पीवाय' ही फक्त सिमलिंक असते, ती सोर्समधल्या फाइलकडे बोट दाखवते. तुम्ही गिटमध्ये दुसऱ्या ब्रँचवर गेलात की स्क्रिप्ट त्या ब्रँचची होते, 'व्हीएमलिनक्स' मात्र आधीच्याच बिल्डचा राहतो. वेगळ्या आउटपुट फोल्डरात बिल्ड केल्यानेही हे टळत नाही, लिंक सोर्सकडेच जाते. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र 'गिट वर्कट्री' ठेवणं हाच खात्रीचा मार्ग.

'अनडिफाइन्ड कमांड' आलं तर

जीडीबी पायथॉनसह बिल्ड झालंय का, ते 'पायथॉन प्रिंट(१)'ने कळतं. कॉन्फिगमध्ये 'जीडीबी_स्क्रिप्ट्स' चालू आणि 'डीबग_इन्फो_रिड्यूस्ड' बंद हवं. ५.१८ पासून नुसतं 'डीबग_इन्फो' चालू करून भागत नाही. ड्वार्फचा (डीबग माहितीचा फॉरमॅट) एखादा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' डीबग माहिती गुपचूप बंद करतं आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या स्क्रिप्टही जातात. मग 'मेक स्क्रिप्ट्स_जीडीबी'. शेवटी '.जीडीबीइनिट'मध्ये 'ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ' पुढे बिल्डचा फोल्डर द्या.

खऱ्या हार्डवेअरवर, केजीडीबीने

इथे वाचन कर्नल स्वतः करतो, त्याच्याच पेज टेबलमधून. म्हणून पीटीआयचा त्रास इथे नाही. 'इन्फो थ्रेड्स'चा अर्थही बदलतो: इथे खरोखरच टास्क दिसतात, आणि प्रत्येक सीपीयूच्या आयडल टास्कसाठी 'शॅडोसीपीयू' नावाची नोंद असते.

कर्नलमध्ये केडीबीही (कर्नलच्या आतला डीबगर) चालू असेल, तर 'मॉनिटर पीएस' आणि 'मॉनिटर एलएसमॉड' मिळतात, आणि निदानासाठी याहून चांगलं साधन नाही. ही कमांड टार्गेटवरचा कोड चालवते, तुमच्या 'व्हीएमलिनक्स'शी तिचा संबंध नाही. 'मॉनिटर पीएस' बरोबर आणि 'एलएक्स-पीएस' चूक, तर दोष तुमच्या बाजूच्या फाइलीत. दोन्ही चूक, तर कर्नलची मेमरीच बिघडली आहे.

जोडणीचे त्रास मात्र इथेच. 'इग्नोरिंग पॅकेट एरर, कंटिन्यूइंग' असं वारंवार दिसलं, तर त्या सीरियल पोर्टवर दुसरं कुणीतरी बोलतंय: कर्नलचा कन्सोल किंवा लॉगिनसाठी बसलेला गेट्टी. गेट्टी बंद करा. कन्सोल दुसऱ्या पोर्टवर हलवा, किंवा 'एजंट-प्रॉक्सी' वापरून दोन्ही प्रवाह वेगळे करा. वेग दोन्हीकडे सारखा हवा: टार्गेटवर 'केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२००' असेल, तर जीडीबीत 'टार्गेट रिमोट'च्या आधी 'सेट सीरियल बॉड ११५२००'.

आणि धीर धरा. ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ११,५०० बाइट. हेक्समध्ये प्रत्येक बाइटला दोन अक्षरं लागतात, म्हणून प्रत्यक्ष माहिती त्याच्या निम्मी. 'टास्क_स्ट्रक्ट' कॉन्फिगनुसार काही केबीचा असतो, म्हणजे एक अख्खा छापायलाच सेकंदभर किंवा जास्त. अख्खा स्ट्रक्ट छापू नका, हवे ते फील्डच मागा. जीडीबी उत्तरासाठी मुळात २ सेकंदच थांबतं. 'सेट रिमोटटाइमआउट १०' करून ठेवा.

मॉड्यूलमधल्या गोष्टी

मॉड्यूलच्या स्ट्रक्टसाठी 'एलएक्स-सिंबॉल्स' द्या, पुढे '.केओ' फाइलींचा फोल्डर. फाइली 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१'ने इन्स्टॉल झालेल्या असतील, तर त्यांच्यात डीबग माहिती नसते; बिल्ड फोल्डरातल्या मूळ फाइली दाखवा.

चुकीच्या क्षणी थांबणं

सगळं जुळूनही यादी मध्येच तुटते किंवा संपतच नाही, तेव्हा पॉइंटर डोळ्यांनी बघा. एक्स८६-६४ वर यादीतून काढलेल्या नोडमध्ये कर्नल मुद्दाम विषारी पत्ते भरतो: डी-ई-ए-डी या चार हेक्स अंकांनी सुरू होणारे, 'नेक्स्ट'मध्ये शेवटी १०० आणि 'प्रीव्ह'मध्ये शेवटी १२२. 'नेक्स्ट' चांगला आणि फक्त 'प्रीव्ह'मध्ये १२२ दिसला, तर घाबरू नका. आरसीयू (वाचणाऱ्यांना न अडवता यादी बदलण्याची कर्नलची पद्धत) यादीतून नोड काढण्याची तीच रीत आहे, आणि प्रोसेसची यादी आरसीयूचीच आहे. ती प्रोसेस नुकतीच संपलेली असते. दोन्ही विषारी असतील, तर तुमच्या हातातला पत्ता शिळा आहे. बहुतेकदा तो 'सेट $टी = ...' करून आधी साठवलेला असतो. 'कंटिन्यू'नंतर असं कुठलंही व्हेरिएबल पुन्हा वापरू नका, '$एलएक्स_टास्क_बाय_पीआयडी'ने नव्याने काढा.

ओळीने ६बी ६बी ६बी आणि शेवटी ए५ असे बाइट दिसले, तर स्लॅबने (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) ती मेमरी मोकळी करून पॉयझन केली आहे. हे दिसायला 'स्लब_डीबग'मधलं पॉयझनिंग चालू असावं लागतं. एखाद्या जिवंत यादीतून चालत जाताना असा ऑब्जेक्ट लागला, तर 'फिनिश' देऊन चालू फंक्शन संपू द्या आणि यादी पुन्हा चाला. दुसऱ्यांदाही तो तिथेच असेल, तर डीबगरने खरं तेच दाखवलंय: कर्नलमध्ये मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर होतोय. केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून बिल्ड करा. मेमरी कुणी मोकळी केली आणि नंतर कुणी वापरली, हे दोन्ही स्टॅक ट्रेस त्याच्या रिपोर्टमध्ये मिळतात.